पाण्याचा पुरावा

रोमन कॅथलिक सात संस्कार मानतात : स्नानसंस्कार, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, प्रायश्चित्त, रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह. १५४७ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने हा आकडा पक्का केला. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या दोनच मानतात, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. आणि नगरच्या लोकांना इस्पितळामुळे चांगली ठाऊक असलेली मुक्तिफौज एकही मानत नाही. १८८३पासून त्यांच्याकडे ना पाणी, ना भाकर. सात, दोन आणि शून्य. तिघेही ख्रिस्ती, आणि एकमेकांना ख्रिस्ती मानायला सहसा खळखळ न करणारे.

आपल्या देशात मात्र एक चौथा पंथ आहे. तो नेमका एकच संस्कार मानतो, बाप्तिस्मा. त्याची या संस्काराच्या सामर्थ्यावरची श्रद्धा पोपपेक्षाही कडक आहे. डोक्यावर पाणी पडलं की माणसाची जात धुऊन निघते, शेकडो वर्षांची अस्पृश्यता त्या क्षणी संपते, असं तो मानतो. या पंथाचं नाव सरकार. त्याचे पुरोहित जात पडताळणी समित्यांमध्ये बसतात.

माझं म्हणणं थोडक्यात असं : बाप्तिस्म्याचा हा सरकारी अर्थ खोटा आहे, आणि आपल्या मराठी मंडळ्यांनी तो मुकाट स्वीकारून स्वतःच्याच संस्काराशी बेइमानी केली आहे. सरकारवर टीका करणं सोपं आहे आणि ती मी करणारच आहे. पण हा लेख मुख्यतः आपल्या पाळकांना, फादरांना आणि मंडळीच्या पंचांना उद्देशून आहे.

आधी अर्थ पाहू. अदृश्य कृपेचं दृश्य चिन्ह ही संस्काराची जुनी व्याख्या दृढीकरणाच्या वर्गात प्रत्येक पोराने घोकलेली असते. पाणी, भाकर, द्राक्षारस, तेल, हात ठेवणं. वस्तू साध्या, रोजच्या. पण मंडळीसमोर, वचनासह केलेली ती कृती माणसाला एका कुटुंबात घेते. त्यात दोन बाजू बांधल्या जातात. बाप्तिस्मा घेणारा वचन देतो, आणि त्याला सांभाळण्याचं वचन मंडळीही देते. हा दुसरा भाग आपण सोयीस्करपणे विसरतो.

मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. आमच्या धंद्यात एका रकान्यात ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच ठेवायची सोय असते. बाप्तिस्म्याचा तसा रकाना झाला आहे. पण माणसाची श्रद्धा त्या रकान्यात मावत नाही याला पुरावा हवा असेल तर तो आपल्या घरातच आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा सप्टेंबर १८८३मध्ये इंग्लंडातल्या वाँटेज इथे झाला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र त्यानंतर आठेक वर्षांनी भेटला, असं त्यांनी स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवलं आहे. आता सांगा, रमाबाई ख्रिस्ती कधी झाल्या? १८८३ की १८९१? नोंदवही एक उत्तर देते, रमाबाई दुसरं.

आता सरकारी पंथाकडे वळू. १० ऑगस्ट १९५०च्या अनुसूचित जाती आदेशाचा तिसरा परिच्छेद सांगतो की हिंदू नसलेली व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही. १९५६मध्ये त्यात शीख आले, १९९०मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. ख्रिस्ती धर्मात जात नाही, हे त्याचं समर्थन. ठीक. मग शीख धर्मात आहे का? बुद्धाच्या धम्मात आहे का? धर्मग्रंथात जात नसताना धर्मांतरितांच्या अंगावर जात उरते हे दोनदा मान्य केलं, तर तिसऱ्यांदा का नाही? रंगनाथ मिश्र आयोगाने २००७मध्ये हा परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस केली. २००४पासून याचिका सर्वोच्च न्यायालयात आहेत. ऑक्टोबर २०२२मध्ये न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला, आणि मग मुदतवाढीवर मुदतवाढ.

दरम्यान पाण्याचा शोध सुरू आहे. अकोल्याच्या समितीने २०२२मध्ये एका सतरा वर्षांच्या मुलीचा महार जातीचा दावा फेटाळला. कारण काय, तर दक्षता पथकाला घरात येशूचं चित्र दिसलं. कुटुंब बौद्ध होतं, चित्र कुणी तरी भेट दिलेलं होतं. २०२३मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निर्णय रद्द केला, कारण भिंतीवर चित्र आहे एवढ्यावरून धर्मांतर सिद्ध होत नाही. निकाल योग्यच. पण त्या पथकाची नजर पाहा. दलिताच्या घरात शिरून भिंतीवर कोण टांगलंय हे बघायचं. उंबरठ्यावर तपासणी कुणाची होते आणि कुणाची कधीच होत नाही, हे सांगायला नको.

नोव्हेंबर २०२४मध्ये पुदुच्चेरीच्या एका महिलेचं अपील सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलं. तिचा बाप्तिस्मा ती तीन महिन्यांचीही नसताना झाला होता. आपण हिंदू आहोत, असं ती म्हणत होती. न्यायालयाने बाप्तिस्मा आणि चर्चमधली हजेरी पाहिली, आणि केवळ आरक्षणासाठी असा दावा करणं ही राज्यघटनेशी फसवणूक आहे असं म्हटलं. तो दिवस होता २६ नोव्हेंबर, संविधान दिन. २०२५मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने एका पाळकाच्या तक्रारीत सांगितलं की तो ख्रिस्ती झाल्याने अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा त्याला लागू नाही. जातीवरून शिवी देणाऱ्याने आधी बाप्तिस्म्याची नोंदवही चाळली होती का, हे विचारावंसं वाटतं. गावातल्या माणसाला तुमचा धर्म कळायच्या आत तुमची आळी कळलेली असते.

जात पाणी पाहत नाही, ही गोष्ट मराठी माणसाला तर १८४३मध्येच कळली होती. त्या वर्षी नारायण शेषाद्रींनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, जेमतेम बारा वर्षांचा, मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. न्यायालयाने त्याला आईवडिलांच्या हवाली केलं. तरी त्याला जातीत परत घ्यावं की नाही यावरून मुंबई-पुण्याच्या ब्राह्मणांत रणकंदन माजलं. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या शुद्धीच्या बाजूने उभे राहिले आणि सनातन्यांच्या रोषाला पात्र झाले. भानगड बाप्तिस्म्याची नव्हतीच. पोराने मिशनऱ्यांच्या घरी अन्न खाल्लं होतं. जातीला पंगत कळते. कुणी कुणाबरोबर जेवायचं आणि कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, हाच तिचा सगळा धर्म. हेच नारायण शेषाद्री पुढे आमच्या शेजारी जालन्याकडे आले आणि गावकुसाबाहेरच्या ख्रिस्ती झालेल्या लोकांसाठी त्यांनी बेथेल हे गाव वसवलं. आमच्या भागातल्या मंडळ्यांचा इतिहास असा पंगतीच्या भांडणातून आलेला आहे.

तिसऱ्या परिच्छेदाचा परिणाम काय झाला, तो पाहायला परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही लहान मंडळीत रविवारी जाऊन बसा. मागच्या सतरंजीवर काही माणसं असतात. वर्षानुवर्षं येतात, गाणी तोंडपाठ, दुखण्यातल्या माणसासाठी प्रार्थना करायला सगळ्यांच्या आधी हजर. भाकर आणि प्याला फिरू लागला की ती खाली बघतात. त्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही. होणारही नाही, कारण मुलीची शिष्यवृत्ती आहे, मुलाचा पडताळणीचा अर्ज आहे, गावात उद्या काही झालंच तर हातात असलेला एकमेव कायदा आहे. मी लहानपणापासून ही माणसं पाहत आलो आहे. त्यांना मंडळीत ‘अर्धे’ म्हणतात. कधी भित्रे म्हणतात. व्यासपीठावरून वधस्तंभ उचलण्याचे उपदेश त्यांच्याकडे बघून होतात.

माझा राग इथे आहे. हा उपदेश करणाऱ्याला स्वतःला काय मोजावं लागतं? मंडळीकडून वेतन, राहायला घर, आणि बहुधा आजोबांच्या काळातच झालेला बाप्तिस्मा. किंमत दुसऱ्याच्या मुलांनी द्यायची आणि धैर्याचं भाषण आपण करायचं, याला वधस्तंभ उचलणं म्हणत नाहीत. दरवर्षी १० ऑगस्टला आपण काळा दिवस पाळतो, दंडाला काळी फीत लावून तिसऱ्या परिच्छेदाविरुद्ध निवेदनं देतो. उरलेलं वर्षभर त्याच परिच्छेदाने मागे बसवलेल्या माणसांसमोरून भाकरीचं ताट पुढे नेतो. सरकारने आखलेली रेघ आपण मेजाभोवती पुन्हा ओढतो. मग निवेदन कुणाविरुद्ध देतो आपण?

यावर तीन आक्षेप येतील, तिन्ही दमदार आहेत.

पहिला : हे दोन्ही हातांत लाडू ठेवणं झालं. लाडू कुठे आहे ते दाखवा. आरक्षण हे धर्माचं बक्षीस नाही, जातीने केलेल्या नुकसानीची अपुरी भरपाई आहे. चर्चमध्ये गेल्याने नुकसान थांबत नाही. बाबासाहेबांनीही ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिताना चर्चच्या आत जात टिकून असल्याचं बजावलं होतं. सोयरिक जुळवताना ‘आपल्यातले आहेत का’ हा प्रश्न आजही आपल्या घरांत विचारला जातोच. ज्या दिवशी तो विचारला जाणार नाही त्या दिवशी भरपाई सोडायचं बोलू.

दुसरा आक्षेप आमच्या बौद्ध आणि हिंदू दलित भावंडांचा : ताटात आधीच कमी, त्यात वाटेकरी. ही भीती खोटी नाही. ज्यांनी उघड बाप्तिस्मा घेतला त्यांची भर पडेल, तेव्हा संख्येप्रमाणे टक्काही वाढवून मागावा लागेल आणि ती मागणी आपण मिळून करावी. पण मागच्या सतरंजीवरची माणसं आजही त्याच ताटात जेवतात. त्यांच्यामुळे नवा वाटेकरी येत नाही, त्यांच्यावरची खोटं जगण्याची सक्ती तेवढी उठेल.

तिसरा आक्षेप धर्मशास्त्राचा, आणि तोच सगळ्यात जड. बाप्तिस्म्याशिवाय प्रभुभोजन नाही, हा नियम पाळकांच्या लहरीवर ठरलेला नाही. आरंभीच्या मंडळीच्या ‘दिदाखे’ या पुस्तिकेतही तो आहे, कॅथलिक धर्मविधीत आहे, बहुतेक प्रॉटेस्टंट घटनांमध्ये आहे. मी तो उडवून लावत नाही. नियमामागे अर्थ आहे : आधी कुटुंबात या, मग पंगतीला बसा. पण कुटुंबात यायचं दार सरकारने बाहेरून कडी लावून ठेवलं असेल, तर आत बसलेल्यांनी नियमाची पाटी दाखवायची की खिडकीतून ताट द्यायचं? उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे सीएनआय, १९७०मध्ये नागपूरला स्थापन झाली तेव्हा बालबाप्तिस्मा मानणारे आणि फक्त प्रौढांचा बाप्तिस्मा मानणारे एका छपराखाली आले. दोन्ही रीती चालतील, असं ठरलं. शतकानुशतकांचा वाद एकोप्यासाठी बाजूला ठेवता आला. मग गरिबाच्या लेकरासाठी एक पाऊल का टाकता येत नाही?

आणि हे पाऊल आपल्याकडे एकाने टाकूनही झालं आहे. नारायण वामन टिळक १८९५मध्ये बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले, १९०४मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१७मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताच्या बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या शिष्यांचा तो बंधुसंघ होता. १९१९मध्ये टिळक गेले आणि दरबार फार पुढे गेला नाही. आपण त्यांची भजनं प्रत्येक रविवारी गातो. त्यांचा हा विचार मात्र शताब्दी होऊन गेली तरी कपाटात ठेवला आहे. १९५०चा आदेश यायच्या तेहेतीस वर्षं आधी या माणसाला कळलं होतं की पाण्याच्या नोंदीवर शिष्यत्व मोजलं तर महाराष्ट्रातले अर्धे शिष्य दाराबाहेर राहतील.

मला काय हवं आहे ते स्पष्ट लिहितो. तिसरा परिच्छेद जायला हवा. तो जाईपर्यंत, जातीच्या दाखल्यापायी ज्यांना बाप्तिस्मा घेता येत नाही त्यांना मंडळीने प्रभूच्या मेजावर उघडपणे बोलवावं, आणि हा निर्णय धर्मप्रांताच्या बैठकीत ठराव करून घ्यावा. रात्री विहिरीवर नेऊन केलेले, नोंद न ठेवलेले चोरटे बाप्तिस्मे बंद करावेत, कारण ज्या संस्काराला साक्षीदार चालत नाही त्यात मंडळीने दिलेलं वचन उरतच नाही. ‘अर्धे’ हा शब्द बंद करावा. उद्या समिती भाकरीचाही पुरावा मागेल, अशी भीती काही जण दाखवतील. मागू दे. बाप्तिस्म्याची नोंदवही असते, प्रभुभोजनाची नसते. तिथे कोण जेवलं, हे फक्त बरोबर बसलेल्यांना ठाऊक असतं.

दृश्य चिन्हाचं मोल परभणीला कुणी शिकवायला नको. १० डिसेंबर २०२४ला स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली आणि अख्खं शहर पेटून उठलं. काच आणि कागदच तर होता, असं तेव्हा कुणी म्हटलं नाही. त्या कागदात आपल्याला माणूस म्हणून मोजलं गेलं आहे, हे रस्त्यावर उतरलेल्या प्रत्येकाला कळत होतं. त्या गर्दीत मागच्या सतरंजीवरचेही काही जण होते. संविधान त्यांना आपलं मानतं. तेवढं आपल्या मंडळीलाही जमायला हवं.