विश्रामकक्षाचें दार

गेल्या आषाढांत चिरंजीवांच्या बिऱ्हाडीं बंगळूरास जाण्याचा योग आला. आगगाडीची रात्र आतां आम्हांस सोसणार नाहीं, असें त्यांनीं परस्पर ठरवून टाकल्यामुळें आम्ही उभयतां त्यांच्यासमवेत मुंबईहून विमानानें निघालों. झडतीचे सोपस्कार आटोपून आंत गेल्यावर विमानास दोन तास अवकाश होता. चिरंजीव म्हणाले, "बाबा, येथें लाउंज आहे. चला, बसून थोडें खाऊन घेऊं."

लाउंज म्हणजे विश्रामकक्ष. आमच्या लहानपणीं स्टेशनावर पहिल्या वर्गाचा विश्रामकक्ष निराळा असे आणि दाराशीं शिपाई तिकीट पाही. आम्ही तिसऱ्या वर्गाचे उतारू; तो वर्ग १९७४ सालीं नाहींसा झाला, तरी त्याचीं लांकडी बांकें पाठीस अद्याप आठवतात. विमानांच्या जगांत ही प्रथा अमेरिकेंतून आली. १९३९ सालीं न्यूयॉर्कच्या ला गार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सनें 'अ‍ॅडमिरल्स क्लब' उघडला. आंत कोणास घ्यावयाचें हें कंपनीच ठरवी, आणि निवडलेल्या गृहस्थास आरमाराच्या सेनापतीची ही लटकी पदवी मिळे. पुढें वर्गणी भरणारासही तेथें प्रवेश मिळूं लागला.

आतां प्रकार पुष्कळच वाढला आहे. जर्मनींत फ्रँकफुर्ट येथें लुफ्तान्सा कंपनीनें २००४ सालीं पहिल्या वर्गाच्या उतारूंसाठीं एक स्वतंत्र इमारतच उभारली. त्यांची झडती तेथल्या तेथें, भोजन तेथें, स्नानाचीही सोय तेथें. आणि वेळ झाली म्हणजे मोटारींतून थेट विमानापाशीं नेऊन सोडतात. केवळ बिझिनेस वर्गाचें तिकीट असलेल्यास तेथें थारा नाहीं. सिंगापुरास तर पहिल्या वर्गाच्या दालनापलीकडे आणखी एक 'प्रायव्हेट रूम' आहे. सिंगापूर एअरलाइन्सच्या सहकारी कंपन्यांच्या पहिल्या वर्गाचा उतारूही तेथें चालत नाहीं, खुद्द त्यांचाच लागतो. गाभाऱ्याच्या आंत आणखी एक गाभारा म्हणावयाचा!

दार जितकें अरुंद, तितकी आंत शिरणाराची बुद्धि तल्लख. म्यूनिचच्या न्यायालयांतील एक खटला २०१४ सालीं वृत्तपत्रांत गाजला. एका गृहस्थानें तारीख हवी तेव्हां बदलतां येईल असें एकच तिकीट घेतलें, त्यावर विश्रामकक्षांत जाऊन यथेच्छ खावें आणि प्रवास पुढें ढकलावा, असा क्रम छत्तीस वेळां चालविला. कंपनीनें दावा लावला आणि त्यास सुमारें दोन हजार युरो भरावे लागले. आमच्या वर्गांत असा एखादा विद्यार्थी असता, तर त्यास छडी मारावी कीं गणितांत अधिक गुण द्यावे, हा प्रश्नच पडला असता.

आपल्याकडे मात्र हें दार तिकिटानें नव्हे, तर बँकेच्या कार्डानें उघडतें. कार्ड यंत्रांतून फिरवावें, बहुधा दोन रुपये नांवापुरते कापले जावे, आणि खरा आकार बँकेनें परस्पर चुकवावा, अशी योजना आहे. हें कार्ड घरोघर झाल्यामुळें दाराशीं रांगा लागल्या. तेव्हां २०२४ पासून अनेक बँकांनीं अट घातली कीं, मागील तिमाहींत अमुक इतका खर्च कार्डावर झालेला असावा. म्हणजे काटकसर करणारा बाहेर राहिला! शिवाय वारी मोजलेल्या. चिरंजीवांच्या कार्डावर तिमाहीस दोन वारी होत्या: एक स्वतःची आणि दुसरी 'अतिथी'ची. ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, अशी आम्ही चाळीस वर्षें मुलांस व्युत्पत्ति सांगितली; येथें तिथि तर ठरलेलीच, वर संख्याही ठरलेली.

आम्ही तिघे होतों. तिसऱ्याचे पैसे भरतों, असें चिरंजीव म्हणाले. परंतु तो आंकडा हजारावर होता, आणि तो ऐकतांच सौ. जवळच्या खुर्चीवर बसली. "तुम्ही दोघे जाऊन या. माझ्याजवळ दशम्या आहेत." तिचे गुडघे दुखतात, पहांटेपासून चहासुद्धां झालेला नव्हता, हें सर्व ठाऊक असून आम्ही एकदोनदां "अगं, तूं जा" म्हटलें आणि आंत गेलों.

आमचे वडील वाईस वार लावून शिकले. एका घरीं त्यांचें पान पंगतीपासून निराळें मांडीत, आणि तुपाची वाटी त्यांच्यापर्यंत येईतों नेमकी रिकामी होई. त्यांनीं हें कधीं तक्रार म्हणून सांगितलें नाहीं. परंतु आपल्या घरच्या पंगतींत तूप सर्वांस सारखें पडतें कीं नाहीं, यावर त्यांची नजर असे. पंक्तिभेद हा शब्द आम्ही कोशांतून नव्हे, त्यांच्या त्या नजरेवरून शिकलों. मात्र स्त्रिया मागाहून, उरलेल्यावर जेवतात, याकडे ती नजर कधीं गेली नाहीं. आमचीही फार उशीरां गेली.

आंत खुर्ची मऊ होती. दोन इडल्या आणि दोन पेले कॉफी घेतली, वर्तमानपत्र चाळलें. अर्ध्या तासानें बाहेर आलों, तों सौ. शेजारच्या एका लहान मुलीस दशमीचा तुकडा भरवीत होती. "काय होतें हो आंत?" तिनें विचारलें. "कांहीं विशेष नाहीं," असें आम्ही उत्तर दिलें. तें खरें नव्हतें.

श्रावणअखेरीस परत निघालों, तेव्हां चिरंजीव आम्हांस पोहोंचविण्यास सोबत आले. या खेपेस आईलेकांनीं आंत जावें, असें आम्ही घरूनच बजावून ठेविलें होतें. दाराशीं यंत्रानें कार्ड नाकारलें. तिमाहीच्या दोन्ही वारी जातांनाच संपल्या होत्या. चिरंजीव ओशाळले. "ऑक्टोबरांत नवी तिमाही लागते, आई," म्हणाले.

"असूं दे रे," म्हणून तिनें सूनबाईंनीं दिलेला डबा उघडला. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "त्या दिवशीं आंत काय होतें, तें तरी आतां खरें सांगा." आम्ही सर्व सांगितलें, इडल्या, कॉफीचा दुसरा पेला, आणि ती खुर्चीसुद्धां.