ग्याराडोसचा एक पॉइंट

पिकाचूने थंडरबोल्ट टाकला की ग्याराडोस आडवा! २००३ पासून कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन बघत मोठी झालेली आपली जनरेशन हे गृहीतच धरते. ग्याराडोस वॉटर आणि फ्लाइंग, दोन्ही टाइपचा. म्हणजे विजेचा फटका थेट चौपट. विषय संपला? नाही बॉस, विषय इथेच सुरू होतो.

पोकेमॉनच्या स्पर्धा खेळणारी मंडळी ‘माझा आवडता कोण’ यावर थांबत नाहीत. ती हिशेब मांडतात. आणि हा हिशेब मोबाइलच्या साध्या कॅल्क्युलेटरवर होतो. कॅम्प ४ वरून विठ्ठलवाडी गाठून रोज सीएसएमटीला जाणाऱ्याकडे तेवढा वेळ नक्कीच असतो. फक्त हात मोकळा राहील एवढी जागा मिळायला हवी!

तर घ्या आकडे. स्पर्धेतली नेहमीची लेव्हल ५०. दोघांचेही जन्मजात गुण पूर्ण, स्वभाव साधा, हातात कुठलीही वस्तू नाही. पिकाचूचा स्पेशल अटॅक फुल्ल वाढवला तर तो भरतो १०२. थंडरबोल्टची ताकद ९०. समोरच्या ग्याराडोसवर काहीच मेहनत घेतलेली नाही, त्यामुळे त्याचा स्पेशल डिफेन्स १२० आणि एचपी, म्हणजे जीव, १७०. लेव्हल ५० साठी ठरलेला आकडा २२. आता २२ गुणिले ९० गुणिले १०२, भागिले १२०, भागिले ५०, अधिक २. उत्तर ३५.

पॉइंटनंतरचे आकडे कुठे गेले? कापले! जवळपास प्रत्येक पायरीवर गेम अपूर्णांक टाकून देतो. जीन्ससाठी ओळखल्या जाणाऱ्या उल्हासनगरात हे वेगळं समजवायला नको. एका ताग्यातून साडेतेरा पँट निघत नाहीत, तेराच निघतात.

पुढे नशिबाचा वाटा. या ३५ चे ८५ ते १०० टक्के, म्हणजे १६ शक्यतांपैकी कुठलीही एक. इलेक्ट्रिक पोकेमॉनने इलेक्ट्रिक वार केला म्हणून दीडपट, त्यावर चौपट. शेवटी फटका बसतो १७२ ते २०८ चा. जीव १७०. सोळाच्या सोळा वेळा ग्याराडोस आडवा. कार्टून बरोबरच होतं.

पण प्रत्येक पोकेमॉनला मेहनतीचे ५१० पॉइंट वाटून देता येतात, एका ठिकाणी जास्तीत जास्त २५२. याला ईव्ही म्हणतात. पगारासारखं आहे, रक्कम ठरलेली आणि मागणारे सहा जण! चटकन सुचणारा उपाय म्हणजे २५२ पॉइंट एचपीवर ओतायचे. जीव २०२ होतो आणि सोळापैकी तेरा वेळा ग्याराडोस उभा राहतो. वाईट नाही. पण फायनलच्या शेवटच्या राउंडला उरलेल्या तीनपैकी एक वेळ आली, तर घरी जायचं तुम्हीच.

तेच २५२ स्पेशल डिफेन्सवर टाका. आता मोठ्यात मोठा फटका १६८ आणि जीव १७०. सोळाही वेळा वाचला! आणि खरा फंडा तर पुढे आहे. हेच काम २१६ पॉइंटमध्येही होतं. १९६ स्पेशल डिफेन्सवर, २० एचपीवर. फटका १७२, जीव १७३. एक पॉइंट उरला. पण एक पॉइंटवर उभा असलेला ग्याराडोसही पूर्ण ताकदीनेच वार करतो. शिवाय ३६ पॉइंट खिशात राहिले, ते स्पीडवर लावा. क्रिटिकल हिट बसला तर सगळंच ओमफस, पण ती शक्यता साधारण चोविसात एक.

हा नुसता कागदी खेळ नाही. २०१४ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप वॉशिंग्टन डीसीला झाली. ती जिंकणाऱ्या दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्कच्या टीममध्ये ग्याराडोस होता आणि त्याच्या सोबतीला पाचिरिसू. खारीसारखा दिसणारा, कुणी सिरियसली न घेणारा चिमुरडा! ‘फॉलो मी’ म्हणत तो समोरच्यांचे वार स्वतःकडे ओढून घ्यायचा. वार विजेचा असेल तर त्याला इजा व्हायच्याऐवजी जीवच वाढायचा. म्हणजे ग्याराडोसची सगळ्यात मोठी भीती पाचिरिसू गिळून टाकायचा. अटॅकमध्ये बिचारा यथातथाच, पण त्याच्याकडून मारामारीची अपेक्षाच नव्हती. त्याने उभं राहायचं होतं, बस.

नवशिके सगळे पॉइंट ‘सगळ्यात जोरात मारू’ यावर उडवतात. मुरलेला खेळाडू आधी विचारतो, कुणाच्या कुठल्या फटक्यातून वाचायचंय? मग त्याला लागेल तेवढंच देतो, आणि एक पॉइंटही जास्त देत नाही. ‘जास्तीत जास्त’ कुणालाही सुचतं. ‘पुरेसं किती’ हे मात्र गणित केल्याशिवाय कळत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणालं, ‘अरे, हे लहान मुलांचं कार्टून ना?’ तर वाद घालू नका. त्याला फक्त विचारा, १७३ वजा १७२ किती?