नॅनो संशोधनाला गिऱ्हाईक कोण?

केंद्र सरकारने २००७ मध्ये ‘नॅनो मिशन’ला मंजुरी देऊन पाच वर्षांसाठी एक हजार कोटी रुपयांची तरतूद केली. त्यानंतर रसायनशास्त्र विभागांतून नॅनोकणांवरील शोधनिबंधांचा ओघ वाढत गेला. त्यातले सामान्य माणसाच्या घरात काय पोचले, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही.

मद्रास आयआयटीतील रसायनशास्त्राचे प्राध्यापक टी. प्रदीप यांच्या गटाचे काम या दृष्टीने बोलके आहे. सोन्या-चांदीचे नॅनोकण क्लोरीनयुक्त सेंद्रिय संयुगांचे विघटन करतात, असा या गटाचा निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक कीटकनाशके याच जातीची. योगायोग असा, की त्याच वर्षी बाटलीबंद पाणी आणि शीतपेयांतील कीटकनाशकांवरून देशभर गदारोळ उठला. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमावी लागली. धास्तावलेला शहरी मध्यमवर्ग हे तयार गिऱ्हाईक होते. या तंत्रावर आधारलेले घरगुती जलशुद्धीकरण यंत्र २००७ मध्ये बाजारात आले.

आर्सेनिकचे तसे नाही. गंगेच्या खोऱ्यात हातपंपाचे पाणी पिणारा शेतमजूर कोणत्याही कंपनीच्या हिशेबात बसत नाही. याच गटाने लोहाच्या ऑक्सिहायड्रॉक्साइडचे अतिसूक्ष्म कण कोळंबीच्या टरफलांपासून मिळणाऱ्या कायटोसानच्या जाळ्यात बसवले. कण जितका लहान, तितके वजनाच्या मानाने त्याच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ अधिक. आणि आर्सेनिक चिकटते ते पृष्ठभागालाच. कण जाळ्यात अडकलेले असल्याने पाण्याबरोबर वाहून जात नाहीत. वीज लागत नाही. लिटरमागे १० मायक्रोग्रॅमची सुरक्षित मर्यादा गाठता येते. ‘अमृत’ नावाच्या या तंत्राचे गिऱ्हाईक मात्र सरकारच असू शकते. मग गाळणी वेळेवर कोण बदलणार, आर्सेनिकने भरलेली जुनी गाळणी कुठे टाकणार, हे प्रश्न उरतातच. त्यांवर शोधनिबंध लिहून कोणाला बढती मिळत नाही!

‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’चा २०२३ चा कायदा म्हणूनच बारकाईने पाहायला हवा. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांचे उद्दिष्ट तेव्हा जाहीर झाले. त्यातील सुमारे ३६ हजार कोटी सरकारबाहेरून, मुख्यतः उद्योगांकडून, येणे अपेक्षित धरले गेले. उद्योग पैसा देतील तो बाटलीबंद पाण्यासारख्या प्रश्नांसाठी. हातपंपाच्या वाट्याला येणार तो उरलेल्या १४ हजार कोटींतला हिस्सा, आणि त्यातही इतर विज्ञानशाखा वाटेकरी आहेतच.