विश्लेषण : ऐन हंगामात ‘सर्व्हर डाऊन’ का होतो?

दसरा-दिवाळीच्या सुमारास लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनची आवक वाढते. त्याबरोबर लातूर-नांदेड पट्ट्यातील अडत दुकाने, डाळ मिल आणि खत-बियाण्यांचे वितरक यांच्या संगणकांवरचा ताणही वाढतो. अशा वेळी बिलाचा पडदा गोठतो, पट्टी निघत नाही आणि ताटकळलेल्या शेतकऱ्याला एकच उत्तर मिळते : ‘सर्व्हर डाऊन आहे.’ पुष्कळदा हे उत्तर चुकीचे असते. सर्व्हर चालूच असतो. अडकलेले असते ते डेटाबेसमधील एक टेबल. निदान चुकले की उपायही चुकतो.

टेबल ‘लॉक’ होते म्हणजे काय?

समजा, डाळ मिलच्या गोदामात तुरीचे १०० कट्टे आहेत. दोन कारकुनांनी एकाच क्षणी प्रत्येकी ८० कट्ट्यांचे बिल केले, तर दोघांनाही साठा १०० दिसेल आणि नसलेला माल विकला जाईल. हे टाळण्यासाठी पहिल्याची नोंद पूर्ण होईपर्यंत डेटाबेस दुसऱ्याला थांबवतो. खतावणी एका वेळी एकाच मुनिमाच्या हाती असावी, तसेच हे. ‘आयबीएम’मधील एस्वरन, ग्रे, लॉरी आणि ट्रेगर यांनी १९७६च्या शोधनिबंधात या लॉकची शास्त्रीय मांडणी केली. त्यांपैकी जिम ग्रे यांना १९९८चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. लॉक हा बिघाड नाही, राखणदार आहे.

मग काम अडते कुठे?

लॉक वेळेवर सुटत नाही तेव्हा. बिल उघडे ठेवून कारकून चहाला जातो. नोंद सुरू असताना वीज किंवा इंटरनेट जाते आणि तो अजून कामातच आहे, असे सर्व्हर समजून चालतो. भर दुपारी कोणी हजारो नोंदींची एकगठ्ठा दुरुस्ती लावतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये एका आदेशाने एका टेबलावर सुमारे ५००० लॉक घेतले, की ओळींऐवजी अख्खे टेबलच बंद होऊ शकते. ‘डेडलॉक’ हा वेगळा प्रकार. एकाने साठा धरला, दुसऱ्याने खाते, आणि दोघेही एकमेकांची वाट पाहत बसले. मात्र डेटाबेस तो स्वतः ओळखून एकाचे काम रद्द करतो. माणसाला सोडवावी लागते ती लांबलेली प्रतीक्षा.

सर्व्हर रीस्टार्ट का करू नये?

कारण त्याने इतरांच्या अर्धवट नोंदीही जातात. मोठे काम मध्येच तोडले तर डेटाबेसला ते मागे फिरवावे लागते आणि त्यात आणखी वेळ जातो. सॉफ्टवेअर विक्रीची नोंद वेगवेगळ्या टप्प्यांत करत असेल, तर साठा घटला पण बिल झालेच नाही, अशी गत होते. ‘सॅप’मध्ये एसएम१२ या पडद्यावर लॉक कोणाकडे आणि केव्हापासून आहे, हे दिसते. तिथून तो काढताही येतो. पण तो माणूस अजून कामात आहे का आणि एसएम१३मध्ये त्याची नोंद प्रलंबित आहे का, हे आधी पाहावे लागते.

योग्य क्रम कोणता?

वाट पाहणारे अनेक असतात, अडवणारा बहुधा एकच. आधी तो शोधावा. मायएसक्यूएलमध्ये ‘शो प्रोसेसलिस्ट’, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘एसपी_हू२’ या आदेशांनी माग लागतो. मग त्या व्यक्तीला फोन करून नोंद जतन किंवा रद्द करायला सांगावे. ती सापडलीच नाही, तर फक्त तिचे सत्र तोडावे आणि लगेच साठा, बिल व खाते जुळवावे. वेळ, वापरकर्ता आणि पडदा यांची नोंद वहीत ठेवावी. तोच पडदा पुन्हा पुन्हा दिसला, तर दोष माणसाचा नाही, प्रोग्रामचा आहे.

जबाबदारी कोणाची?

बोलणी बसतात कारकुनाला. पण माणसाच्या प्रतीक्षेत लॉक धरून बसणारा प्रोग्राम ही रचनेतील चूक आहे आणि ती विक्रेत्याने दुरुस्त केली पाहिजे. ‘मोठा सर्व्हर घ्या’ हा सल्ला इथे निरुपयोगी आहे. जागेवर नसलेल्या माणसाने धरलेला लॉक जादा मेमरीने सुटत नाही. वार्षिक देखभाल करार करताना व्यापाऱ्यांनी तीन अटी घालाव्यात : नोंद जतन करण्याच्या क्षणापुरताच लॉक, जड कामे बाजार उठल्यावर, आणि लॉकची यादी पाहण्याची सोय स्थानिक माणसाकडे. जागेवर अधिकार देणे धोक्याचे आहे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून पाहण्याचा अधिकार वेगळा आणि तोडण्याचा वेगळा ठेवावा. पुण्यातील अभियंता फोन उचलेपर्यंत थांबण्याचा खर्च विक्रेत्याला पडत नाही, व्यापाऱ्यालाही फारसा नाही. ज्याच्या मालाचा भाव ठरला पण पट्टी निघाली नाही, त्या शेतकऱ्याचा दिवस आणि गाडीभाडे त्यात जाते.