तापट पोराला ध्यानाला बसवणाऱ्यांना

9 मार्च 1996, बंगळुरूचं चिन्नास्वामी स्टेडियम, विश्वचषकाची उपांत्यपूर्व लढत. भारताच्या 287 धावांचा पाठलाग करताना पाकिस्तान 1 बाद 113. आमिर सोहेलनं व्यंकटेश प्रसादला कव्हर्समधून चौकार मारला आणि बॅट रोखून दाखवलं, पुढचाही तिकडेच जाणार. पुढच्याच चेंडूवर आडवी बॅट फिरवायला गेला आणि ऑफ स्टंप उडाला. भारत 39 धावांनी जिंकला.

तेव्हापासून या चेंडूचं एकच तात्पर्य पोरांना ऐकवलं जातं: रागानं घात होतो, डोकं थंड ठेव. हल्ली त्याला शास्त्राची जोड मिळाली आहे. सजगता (माइंडफुलनेस) जास्त तितका उतावळेपणा कमी, आणि उतावळेपणा कमी तितका खेळाडू मोठा, असा हा पूर्वपक्ष. मग तापट पोराला मिटल्या डोळ्यांनी बसवायचं, म्हणजे त्याचा स्वभाव निवळेल.

हे मला मान्य नाही. त्या दिवशी प्रसाद तरी कुठे शांत होता? सोहेल परत निघाला तेव्हा प्रसादनं त्याला जे सुनावलं, ते ऐकू आलं नाही तरी पडद्यावर साऱ्या देशानं पाहिलं. दोघेही सारखेच पेटले होते. सोहेलनं फटका आधीच जाहीर करून टाकला, चेंडू कसा येतो हे पाहायचं त्याच्याकडे उरलंच नाही. प्रसादनं मात्र रनअपच्या टोकापर्यंत परत चालत जाऊन, तो सगळा संताप घेऊनच, चेंडू यष्ट्यांवर टाकला. राग दोघांचा होता, लक्ष एकाचंच जागेवर होतं.

दुसरा दाखला राहुल द्रविडचा. इंदूरमध्ये मराठी घरात जन्मलेला आणि बंगळुरूत वाढलेला हा माणूस म्हणजे संयमाची मूर्ती, असं आपणच ठरवून टाकलंय. कसोटीत 31,258 चेंडू खेळलेल्याबद्दल तसं वाटणं साहजिकही आहे. पण 2001 ची कोलकाता कसोटी आठवा. तिसऱ्या क्रमांकावरून सहाव्यावर ढकललेला द्रविड शतक झाल्यावर पत्रकार कक्षाकडे बॅट रोखतो. तो आविर्भाव कुठल्याही ध्यानवर्गात बसणारा नव्हता. त्यानंतर त्यानं आणखी 80 धावा केल्या. बॅट सोहेलनंही रोखली होती! द्रविडचा राग पुढच्या चेंडूपर्यंत पोचला नाही, एवढंच. 2021 मध्ये ‘इंदिरानगर का गुंडा’ म्हणत गाडीतून ओरडणारा द्रविड जाहिरातीत दिसला तेव्हा लोक हसले, कारण त्याला राग येतच नाही अशी आपली पक्की समजूत. मला त्या समजुतीचंच हसू आलं.

आता उलटी बाजू. पॅरिस ऑलिंपिक, 2024. बंगळुरूच्या प्रकाश पदुकोण अकादमीत घडलेला बॅडमिंटनपटू लक्ष्य सेन उपांत्य सामन्यात अ‍ॅक्सेलसनविरुद्ध पहिल्या गेममध्ये 20-17 असा पुढे होता, दुसऱ्यात 7-0. दोन्ही गेम गेले. कांस्यपदकाच्या सामन्यातही पहिला गेम जिंकून तो हरला. ना आदळआपट, ना हातवारे. त्याच्या मनात काय चाललं होतं ते तोच जाणे. पण थंड चेहऱ्यावर सामना निघत नाही, हे सगळ्यांना दिसलं. पदुकोण यांनी नंतर मनाच्या तयारीची गरज बोलून दाखवली, तीही एका शांत खेळाडूचा सामना पाहूनच.

मानसशास्त्रानंही उतावळेपणाला सरसकट दोषी धरलेलं नाही. मानसशास्त्रज्ञ डिकमन यांनी 1990 मध्ये त्याचे दोन प्रकार वेगळे काढले: विचार न करता उडी घेऊन नुकसान करून घेणारा, आणि विचाराला वेळच नसताना झटकन निर्णय घेऊन फायदा करून देणारा. स्लिपमधला क्षेत्ररक्षक, पेनल्टी अडवणारा गोली, नेटजवळ झेपावणारा बॅडमिंटनपटू दुसऱ्या प्रकारावरच जगतात. तो खुडून टाकला तर उरणारं पोर शहाणं असेल, खेळाडू नसेल. शिवाय सजगता आणि स्वभाव जोखणारे बहुतेक अभ्यास प्रश्नावलीवर चालतात, आणि खेळाडू स्वतःबद्दल जे सांगेल तेच तिथे उतरतं. निवड डोक्यावर असलेला मुलगा ‘मी विचार न करता वागतो’ या वाक्यापुढे खरी खूण करेल? बरं, दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली, असंही होत नाही.

म्हणून सजगता नकोच, असं मी म्हणत नाही. सजगतेचे शिक्षक जॉन काबात-झिन यांनी 1984 च्या ऑलिंपिकसाठी तयारी करणाऱ्या अमेरिकन नौकापटूंना ती शिकवली होती. फॅड म्हणून उडवून लावावी अशी ती नाही. राग, भीती, आघाडीची धुंदी उठली की ती उठल्याचं ओळखायचं आणि लक्ष समोरच्या चेंडूवर परत आणायचं, एवढं तिचं काम. वेगवान चेंडू फलंदाजापर्यंत पोचायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. तेवढ्यात कुणी सजगबिजग होत नाही. ते होतं गोलंदाज चालत परत जातो तेव्हा, शटल बदलताना, घाम पुसताना. आणि ज्या पोराची झोप उडाली आहे, खेळावरूनच मन उडालं आहे, त्याला श्वास मोजायला सांगणं ही चक्क टाळाटाळ झाली. मनाच्या आजारांवर उपचार करणारी निम्हान्स ही संस्था बंगळुरूतच आहे, त्याला तिथे न्या.

बाकीच्यांसाठी मिटल्या डोळ्यांचा तास मैदानावर आणा. सरावाचा गेम 20-17 पासून सुरू करा, कधी पुढे ठेवून, कधी मागे. पंचाला मुद्दाम चुकीचा निर्णय द्यायला सांगा. पोरगं चिडलं तर चिडू दे. पुढची सर्व्हिस कुठे पडते तेवढं वहीत टिपा. आणि जाळीमागे खुर्ची टाकून प्रत्येक गुणाला ‘फोकस, फोकस’ ओरडणाऱ्या बाबांना तेवढा वेळ चहाला पाठवा.