प्रश्न आपले, संशोधन कुणाचे?

विकासाचा विचार जेथे होतो ते ठिकाण आणि विकासाचा अभाव जेथे सोसावा लागतो ते ठिकाण, यांतील अंतर हे मागास प्रदेशांचे जुने दुखणे आहे. आफ्रिकेतील राष्ट्रे स्वतंत्र झाली, तरी त्यांच्याविषयीचे बरेचसे संशोधन युरोपातच होत राहिले. या परावलंबनातून सुटण्यासाठी १९७३ साली डकार येथे आफ्रिकी अभ्यासकांनी सामाजिक शास्त्रांच्या संशोधनासाठी स्वतःची परिषद स्थापन केली. प्रश्न आपला असेल, तर तो मांडण्याचा अधिकारही आपलाच, ही त्यामागील भूमिका होय.

नेसरी परिसराला ही भूमिका परकी वाटण्याचे कारण नाही. आफ्रिकेच्याही आधी, १९६९ मध्ये, भारतीय सामाजिक शास्त्र संशोधन परिषद उभी राहिली. तिचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ, तर पहिले सदस्य-सचिव जे. पी. नाईक, शेजारच्या आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे सुपुत्र. गाडगीळांनी पुण्याच्या गोखले संस्थेतून वाई तालुक्यातील शेतीधंद्याची पाहणी केली होती. नाईकांनी गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत ग्रामीण शिक्षणाची सांगड भोवतालच्या जीवनाशी घालण्याचा प्रयत्न केला. राष्ट्रीय संस्था घडविणाऱ्या या दोघांचीही दृष्टी तालुक्यापासून सुरू होत होती, हे विसरता येत नाही.

आज त्या तालुक्यांतच काय दिसते? आजरा घनसाळ तांदळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु त्यामुळे शेतकऱ्याच्या हाती किती जादा पैसा पडला, याचा सलग हिशेब कोण ठेवतो? काजूगराला बाजार आहे. बोंडाचा मोठा भाग मात्र वाया जातो. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांतून परतलेल्या कुटुंबांची पुढची पिढी कोठे गेली? या प्रश्नांची उत्तरे याच घरांतून कॉलेजात येणारी मुले शोधू शकतील. तथापि त्यांच्या प्राध्यापकांपुढे संशोधन येते ते बढतीसाठी लागणाऱ्या शोधनिबंधांच्या संख्येच्या रूपाने. मग विषय सोयीचा निवडला जातो आणि निबंध कपाटात जातो.

खेड्यातील महाविद्यालयांना दर्जेदार संशोधन झेपणार नाही, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. परंतु कुवत ही आधी सिद्ध करण्याची नव्हे, तर घडविण्याची गोष्ट आहे. शिवाजी विद्यापीठाने प्रत्येक तालुक्यातील काही गावे निश्चित करून दर पाच वर्षांनी त्यांची पाहणी स्थानिक महाविद्यालयांकडून करवावी. प्राध्यापकांना पद्धतीचे प्रशिक्षण, तासिकांत सवलत आणि माफक अनुदान द्यावे. आणि अहवाल मराठीत लिहून ग्रामसभेत वाचण्याचे बंधन घालावे. चुका तेथेच दुरुस्त होतील.

पैशाचा प्रश्न आहेच. आफ्रिकी राष्ट्रांनी राष्ट्रीय उत्पन्नाचा एक टक्का संशोधनावर खर्चण्याचा संकल्प केला. बहुतेकांना तो गाठता आलेला नाही. भारताचाही खर्च सुमारे ०.६४ टक्क्यांवर रेंगाळला आहे. २०२३ च्या कायद्याने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत पन्नास हजार कोटींची योजना आखली गेली. तीतील ओंजळभर पाणी जरी महानगरांपलीकडे झिरपले, तरी पुष्कळ होईल. अन्यथा आपल्या दारिद्र्याची कारणे इतरांच्या अहवालांत वाचण्याची पाळी आफ्रिकेवर आली होती, तशीच ती घटप्रभेच्या खोऱ्यावरही आल्याखेरीज राहणार नाही.