घरी व्यायामसाधन आणावे, पण कोणासाठी?

घरात व्यायामाचे एखादे यंत्र असावे ही हौस आता मुंबई-नागपुरापुरती राहिलेली नाही. कापसाच्या बाजारावर व रेल्वेवर वाढलेल्या आपल्या धामणगावासारख्या गावातही पायाखालून पट्टा सरकविणारी ट्रेडमिल, जागच्या जागी चालणारी सायकल किंवा लोखंडी डंबेल्स घरोघरी येऊ लागली आहेत. लोकांचे लक्ष शरीराकडे वळले, ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु पहिल्या महिन्यात ज्या यंत्रावर चढण्यासाठी घरात भांडणे होतात, तेच यंत्र चौथ्या महिन्यात ओले टॉवेल वाळविण्याच्या कामी येते, असेही पुष्कळदा दृष्टीस पडते. हप्ते मात्र चालूच असतात. असे का होते, व साधन निवडताना पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी कोणता विचार करावा, याविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

व्यायामाची साधने आपल्या वऱ्हाडास नवीन नाहीत. येथून जवळच, अमरावतीस, वैद्य बंधूंनी १९१४ साली श्री हनुमान आखाडा सुरू केला. तोच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नावाने सर्व देशात प्रसिद्धीस आला, आणि १९३६ साली बर्लिन येथील ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या चमूने भारतीय व्यायामप्रकार परदेशी प्रेक्षकांसमोर करून दाखविले. ही मंडळी ज्या साधनांवर वाढली ती कोणती? मातीचा आखाडा, लाकडाचा मल्लखांब, मुद्गलांची जोडी, लेझीम, आणि ज्यास काहीच साधन लागत नाही असे जोर, बैठका व सूर्यनमस्कार. गावच्या सुताराने करून द्यावे व गरिबाच्या मुलानेही वापरावे, असे हे सामान होते.

घरबसल्या शरीर कमाविण्याची विलायती साधनेही आपल्याकडे येऊन एक शतक लोटले. युजेन सँडो हा जर्मनीत जन्मलेला सुप्रसिद्ध बलभीम १९०४-०५ च्या सुमारास हिंदुस्थानात येऊन गेला. मुठीत दाबावयाची स्प्रिंगची डंबेल्स व ताणावयाची साधने त्याने जगभर विकली. आज त्याची साधने कोणाच्या घरी नाहीत, पण बिनबाह्यांच्या बनियनास आपण अजूनही 'सँडो' म्हणतो. म्हणजे शरीर गेले, साधन गेले, आणि अंगरखा तेवढा राहिला! जाहिरात पाहून वस्तू घेणाऱ्यांनी यावरून बोध घ्यावयास हरकत नाही.

ट्रेडमिलची कुळकथा तर याहूनही मनोरंजक आहे. विल्यम क्युबिट नावाच्या इंग्रज यंत्रकाराने १८१८ च्या सुमारास कैद्यांसाठी पायांनी फिरवावयाचे एक मोठे चाक तयार केले. सक्तमजुरीची शिक्षा झालेले कैदी त्यावर तासन्‌तास पाय उचलीत असत. ही शिक्षा अमानुष ठरून १८९८ च्या कायद्यानंतर इंग्लंडातून ती नाहीशी झाली. पुढे विसाव्या शतकात डॉक्टरांनी हृदयाच्या परीक्षेसाठी सरकत्या पट्ट्याचे यंत्र वापरात आणले, व मग ते घराघरांत आले. जे काम एके काळी शिक्षा म्हणून करावे लागे, तेच आज पैसे मोजून आपण होऊन करावयाचे आहे. म्हणून ते आवडीने होईल की नाही, हा प्रश्न किमतीच्याही आधी विचारला पाहिजे.

आता हेतूचा विचार करू. व्यायामसाधने घेणाऱ्यांपैकी बहुतेकांचा हेतू वजन कमी करणे हा असतो. येथे थोडे अंकगणित उपयोगी पडेल. शरीरातील एक किलो चरबी खर्ची पडण्यास सुमारे ७,७०० उष्मांक लागतात. साठ किलो वजनाचे माणूस तासाभरात पाच किलोमीटर चालले, तर दोनशे ते अडीचशे उष्मांक खर्च होतात. म्हणजे रोज तासभर चालून, आणि आहारात तिळमात्र वाढ न करता, एक किलो उतरावयास महिन्याहून थोडे अधिक दिवस लागतील. उलट दोन मोठे चमचे तेलात सुमारे २४० उष्मांक असतात. तासाभराच्या चालण्याची कमाई भज्यांच्या एका ताटलीत सहज बुडते. यंत्राची खरी जोडी स्वयंपाकघराशी आहे. ती जुळली नाही तर यंत्र कितीही महाग असो, काटा हलणार नाही.

दुसरा भ्रम असा की, पोटाचा व्यायाम केला म्हणजे पोटाची चरबी जाते. १९७१ साली टेनिसपटूंच्या दोन्ही हातांची तपासणी प्रसिद्ध झाली. ज्या हाताने ते वर्षानुवर्षे खेळत आले, त्याचे स्नायू मोठे झालेले होते. पण कातडीखालील चरबीचा थर दोन्ही हातांवर सारखाच आढळला. सबब कमरेस बांधून थरथरणारे पट्टे, घाम काढणारे पट्टे इत्यादी वस्तूंवर पैसा घालवू नये. घाम म्हणजे पाणी. एक तांब्या पाणी प्यायले की ते वजन परत येते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली घालून दिलेले प्रमाण असे आहे : पाच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींनी दररोज सरासरी ६० मिनिटे अंग चालवावे, प्रौढांनी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताकद लावण्याचा व्यायाम करावा. अर्थात दोन गोष्टी हव्यात : दम वाढविणारी एक व बळ वाढविणारी एक. या दृष्टीने साधने पाहू.

दोरीवरच्या उड्यांसारखे स्वस्त साधन नाही. दोरीच्या मध्यावर पाय ठेवून दोन्ही मुठी काखेपर्यंत आल्या की लांबी बरोबर समजावी. उड्या मातीच्या अंगणात माराव्या. फरशीवर गुडघ्यांना हादरे बसतात. ज्यांचे वजन फार वाढले आहे किंवा गुडघे दुखतात त्यांनी दोरी घेऊ नये. त्यांना जागची सायकल बरी. तिची बैठक इतकी उंच असावी की, पायटा सर्वांत खाली असता गुडघा किंचित वाकलेला राहील. डंबेल्स घ्यावयाची तर ज्यांनी दहा-बारा वेळा हात नीट चालेल तेवढ्याच वजनाची घ्यावी. वजन उचलल्याने मुलांची उंची खुंटते ही समजूत निराधार आहे. मात्र जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली व हलक्या वजनापासूनच आरंभ करावा. ताणावयाचे रबरी पट्टे स्वस्त व सोयीचे असतात, पण आपल्याकडील उन्हाळ्यात उन्हात पडले तर रबर चिरते. प्रत्येक वेळी ते तपासून घ्यावे. मुद्गल अजूनही उत्तम. खांद्यांस त्यासारखा व्यायाम क्वचितच.

ट्रेडमिल घ्यावयाचीच असेल तर तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या. एक, जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलेली अश्वशक्ती बहुधा क्षणभराची असते. मोटर सतत किती शक्ती देते हे विचारावे. दुसरी, यंत्राच्या मागे मोकळी जागा ठेवावी, आणि काम झाल्यावर सुरक्षेची चावी काढून ठेवावी. कारण चालू पट्ट्यात लहान मुलांचे हात सापडून भाजल्यासारख्या वाईट जखमा होतात. तिसरी, वीज गेली की यंत्र थांबते. आणि आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचे वेळापत्रक कोणाजवळ नसते. चाळिशी उलटलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब किंवा छातीचे दुखणे असलेल्यांनी आधी डॉक्टरांस विचारावे.

येथवर साधनांची गोष्ट झाली. परंतु आमच्या मते मुख्य प्रश्न कोणते साधन घ्यावे हा नसून, कोणासाठी घ्यावे हा आहे. घरातील मुलास मैदान आहे, शाळेची कवायत आहे, आखाडा आहे. वडिलांस पहाटे रस्त्याने फिरावयास कोणी अडवीत नाही. मग घराच्या चार भिंतींत आणलेले साधन न्यायाने कोणाचे? ज्या व्यक्तीस बाहेर मैदान मोकळे नाही तिचे. म्हणजे घरातील आईचे, आजीचे व वयात आलेल्या मुलीचे. प्रत्यक्षात काय होते? डंबेल्स मुलाच्या दंडासाठी येतात, यंत्र वडिलांच्या पोटासाठी येते, आणि त्यांवरील धूळ पुसण्याचे काम तेवढे आईकडे येते.

यावर कोणी म्हणेल की, घरकाम हाच बायकांचा व्यायाम. या म्हणण्यात एके काळी काही तथ्य होते. जाते, उखळ-मुसळ, विहिरीचा रहाट यांनी शरीर खरोखर घुसळून निघे. आता पीठ गिरणीतून येते, वाटण यंत्रात होते, पाणी नळास येते. आणि हे कष्ट वाचले ते उत्तमच झाले. जे काम उरले ते थकविणारे आहे, पण दम वाढविणारे नाही. ओट्यापाशी दोन तास उभे राहून कंबर दुखते, छाती बळकट होत नाही. जेरेमी मॉरिस या वैद्याने १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच गाडीवर, सारख्याच वेळी काम करणाऱ्या दोघांपैकी बसून गाडी हाकणाऱ्यास हृदयविकार अधिक, आणि जिना चढउतार करून तिकिटे देणाऱ्यास कमी, असे त्यास आढळले. श्रम दोघांचेही होते. फरक श्रमाच्या जातीचा होता. दुकानाच्या गादीवर दिवसभर बसणाऱ्या गृहस्थांनीही हे ध्यानात घ्यावे. भारतीयांच्या बाबतीत कमरेचा घेर पुरुषांस ९० व स्त्रियांस ८० सेंटिमीटरपर्यंत पोहोचला की सावध व्हावे, असे वैद्यकतज्ज्ञ सांगतात. शिंप्याची फीत घरोघर असते. आईच्या कमरेचे माप घेण्याची काळजी मात्र कितीजण करतात?

अर्थात ज्या माउल्या दिवसभर उन्हात कापूस वेचतात, किंवा जे हमाल बाजारात पाठीवर ओझी वाहतात, त्यांना या उपदेशाची गरज नाही. त्यांना पोटभर सकस अन्न व विसावा मिळावा, हीच त्यांची व्यायामशाळा.

लठ्ठ मुलांविषयीही एक शब्द. वाढत्या वयाच्या मुलास उपाशी ठेवून त्याचे वजन उतरवू नये; बहुधा वजन आहे तेथे थांबविले आणि उंची वाढू दिली की अंग आपोआप बेताचे होते. त्यास 'जाड्या' म्हणून हिणविणारे सोबती, आणि पाहुण्यांदेखत त्याच्या खाण्याचा हिशेब काढणारे वडीलधारे, हे दोघेही त्याचे शत्रुत्व करतात. लाजलेले मूल खेळावयास जात नाही. ते कोपऱ्यात बसते, आणि आणखी खाते.

साधनाची किंमत दुकानात कळते. परंतु त्याहून महाग अशी एक वस्तू आहे, ती म्हणजे अर्धा तास. तो दुकानात मिळत नाही; तो घरातील कोणी तरी कोणास तरी द्यावा लागतो. आईने सायंकाळी अर्धा तास सायकल चालवावी असे वाटत असेल, तर तेवढ्या वेळात पाणी भरणे, भाजी चिरणे, धाकट्यास सांभाळणे ही कामे दुसऱ्या कोणी केली पाहिजेत. विद्यार्थी मित्रहो, हे काम तुमचे आहे. तुमच्या हातांस मुद्गलाइतकाच व्यायाम भरलेल्या बादलीने होतो, हेही सांगून ठेवतो.

म्हणून आमची सूचना अशी. कोणतेही यंत्र घेण्यापूर्वी एक महिना घरातील प्रत्येकाने बिनखर्चाचा व्यायाम करावा. चालणे, नमस्कार, बैठका, दोरी, जे ज्याला साधेल ते. भिंतीवरील दिनदर्शिकेवर प्रत्येकाच्या नावे खूण करावी. महिनाअखेर ज्याच्या नावे वीसहून अधिक खुणा असतील त्याला साधन घेण्याचा अधिकार आहे, आणि ते त्याच्या अंगाला व वयाला सोसेल असे घ्यावे. आईच्या नावे एकही खूण नसेल तर तिला आळशी समजू नये. त्या घराला यंत्राची नव्हे, कामाच्या नव्या वाटणीची गरज आहे असे समजावे. ती वाटणी आधी करावी, आणि दुकानाची पायरी मग चढावी.